लष्कर समुद्रात कसं उतरलं? खलाशांच्या शब्दांची गोष्ट

आजच्या भागात लढाया नाहीत, राजे नाहीत. आज फक्त शब्द. पण जपून ऐका, कारण यातल्या एका शब्दावर हजारो माणसांचा पगार ठरत होता.

सुरुवात जमिनीवरूनच करू. बांधकामाच्या साइटवर क्रेन चालू असते आणि खाली उभा असलेला माणूस हात हलवत ओरडतो, "आरिया, आरिया!" म्हणजे काय, तर खाली सोड. हा शब्द मराठी नाही, हिंदी नाही. पोर्तुगीज भाषेत 'अर्रियार' म्हणजे शीड खाली उतरवणं. जहाजावरचा हुकूम बंदरात उतरला, बंदरातून थेट क्रेनपर्यंत पोचला. समुद्र न पाहिलेला माणूसही आज तो वापरतो.

समुद्राचे शब्द असेच असतात. कुणा एकाच्या मालकीचे नसतात. आता मराठीतलेच बघा. बंदर फारशी. सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून. आरमार पोर्तुगीज 'आर्मादा'वरून. नांगराची तर गंमतच आहे. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'वरून आला आणि होडीचा नांगर फारशी 'लंगर'वरून. दोन वेगळ्या घरचे शब्द, मराठीत येऊन जुळे भाऊ झाले.

आपला कोळीवाड्यातला नाखवा घ्या. फारशीत 'नाखुदा', म्हणजे 'नाव' अधिक 'खुदा', नावेचा धनी. यातला 'नाव' आपल्या 'नौका'चा सख्खा नातेवाईक आणि लॅटिन 'नाविस'चाही. त्या लॅटिन शब्दापासून इंग्रजी 'नेव्ही' आला. म्हणजे नाखवा आणि नेव्ही हे लांबचे का होईना, चुलतभाऊच.

आणि खलाशी? अरबीत 'खलास' म्हणजे सुटका, मोकळं होणं. दोर सोडणारा, शीड मोकळं करणारा तो खलाशी, असा या शब्दाचा अर्थ लावला जातो. आपण "पैसे खलास" म्हणतो तो खलास हाच. खालसा आणि खुलासा हेसुद्धा त्याच मुळातून फुटलेले.

इथपर्यंत मजा आहे. आता जरा वेगळी गोष्ट लक्षात घ्या. जहाजावरचे बरेचसे हुद्दे मुळात जमिनीवरच्या फौजेतले आहेत.

सारंग म्हणजे खलाशांचा मुख्य. मूळ फारशी 'सरहंग', म्हणजे फौजेतला अधिकारी. शिवाजी महाराजांच्या आरमारात 'दर्यासारंग' हा किताब होता, तो यावरूनच. सारंगाच्या हाताखाली तांडेल, म्हणजे माणसांच्या टोळीचा म्होरक्या. कान्होजी आंग्रे सरखेल होते ना? 'खैल' म्हणजे घोडेस्वारांचं पथक. म्हणजे घोडदळाच्या सरदाराचा किताब आरमाराच्या प्रमुखाला मिळाला! फौज कशी चालवायची हे ठाऊक होतं, तीच भाषा पाण्यावर नेली.

आणि याच वाटेने गेला आजचा मुख्य शब्द, लष्कर. फारशीत लष्कर म्हणजे सैन्य. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथल्या स्थानिक सैनिकांना 'लास्करीं' म्हणू लागले. इंग्रजांनी त्याचा 'लास्कर' केला. आधी हा शब्द तोफखान्यातल्या आणि तंबू ठोकणाऱ्या मजुरांसाठी चालायचा. मग तो जहाजावर चढला आणि तिथेच राहिला. लास्कर म्हणजे युरोपीय जहाजावर काम करणारा भारतीय किंवा आशियाई खलाशी. सैन्याचा शब्द मजुराचा झाला.

या माणसांची स्वतःची एक मिश्र बोली होती. हिंदुस्तानी, फारशी, अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी, सगळं एकत्र. सुकाणू धरणारा तो 'सुखानी', इंग्रजांनी त्याचा 'सीकनी' करून टाकला. स्वयंपाकी म्हणजे 'भंडारी'. ही बोली आल्याशिवाय गोऱ्या अधिकाऱ्याला जहाज चालवता येईना. म्हणून 1811 साली थॉमस रोबक या अधिकाऱ्याने कलकत्त्यात जहाजी शब्दांचा इंग्रजी-हिंदुस्तानी कोशच छापला. कल्पना करा, वादळात हुकूम द्यायचा आणि शब्दच आठवत नाही!

आता पैशाचा मुद्दा. 1660 च्या इंग्लंडच्या नौवहन कायद्यानुसार जहाजावरचे किमान तीन चतुर्थांश खलाशी इंग्लंडचेच हवेत. पण भारतात पोचेपर्यंत कुणी आजारपणात मरायचं, कुणी पळून जायचं, कुणाला आरमार उचलून न्यायचं. परतीला माणसं कुठून आणायची? मुंबई-कलकत्त्याहून लास्कर. मग प्रश्न आला, हे ब्रिटिश राज्यातलेच लोक, मग यांना ब्रिटिश खलाशी मोजायचं का?

1823 च्या कायद्याने उत्तर दिलं: नाही. ब्रिटिश मुलखात जन्मलेला असला तरी लास्कर हा 'ब्रिटिश खलाशी' धरला जाणार नाही. म्हणजे राज्य त्यांचं, प्रजा त्यांची, जहाज त्यांचं, पण माणूस मात्र 'लास्कर'. शब्द एकदा कायद्यात बसला की तो नुसता शब्द राहत नाही. लास्करांचे करार वेगळे, जेवण वेगळं, झोपायची जागा कमी. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाएवढा. काम तेच, समुद्र तोच.

लंडनला पोचल्यावर जहाज परत निघेपर्यंत कित्येक जण रस्त्यावर यायचे. 1857 साली लाइमहाउस भागात आशियाई आणि आफ्रिकी खलाशांसाठी एक आश्रयगृह उघडावं लागलं, यावरून हाल समजा.

यात आपला संबंध काय? थेट आहे. मुंबईहून भरती होणाऱ्या डेकवरच्या माणसांत रत्नागिरी आणि कोकणपट्टीचे लोक मोठ्या संख्येने होते, त्यात कोकणी मुसलमान बरेच. गोव्याची माणसं जेवणघरात आणि केबिनच्या सेवेत. इंजिनरूमच्या भट्टीपाशी सिल्हेटकडचे आणि पंजाबी. भरती सारंगामार्फत व्हायची, त्यामुळे एका सारंगाच्या मागे अख्खं गाव जहाजावर चढायचं. आणि कर्जही त्याच्याकडेच फिटायचं.

1914 च्या सुमाराला ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास लास्कर होते. मग महायुद्ध आलं, पाणबुड्या आल्या. बुडणाऱ्या जहाजाला करार वेगळा आहे का हे कळत नाही.

मुंबईत मशीद बंदरजवळ इंडियन सेलर्स होम आहे. तिथल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं आहेत. समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेली ही माणसं. युद्ध संपलं, आणि 1925 मध्ये ब्रिटनने वेगळा हुकूम काढून गौरेतर 'परक्या' खलाशांना पोलिसांत नोंद करायला लावली. नागरिकत्वाचा कागद दाखवता आला नाही म्हणून कित्येक ब्रिटिश प्रजाजनही त्यात अडकले. कागद कुठून असणार? आयुष्यभर त्यांची ओळख एकच होती, लास्कर.

तेव्हा कुणी तांडेल किंवा नाखवा आडनाव सांगितलं, तर ते नुसतं आडनाव समजू नका. तो हुद्दा आहे, मेहनतीने मिळवलेला. 'लास्कर' मात्र कुणी मिळवला नाही, तो लावला गेला. तुमच्या घरात कुणी पणजोबा "बोटीवर" होते का? विचारून बघा. ते स्वतःला काय म्हणायचे, हेही विचारा. पुढच्या भागात भेटू!