नित्यपाठ आणि नित्यविचार

नित्यपाठ हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या किंवा दासबोधाचा एखादा समास वाचल्यावाचून ज्यांचा दिवस उजाडत नाही, अशी घरे गावोगाव आहेत. ख्रिस्ती घरांतही अशीच एक चाल आहे. सकाळी किंवा रात्री निजण्यापूर्वी बायबलातील एखादा अध्याय वाचावा, त्यावर घडीभर विचार करावा आणि मग प्रार्थना करावी. बाहेरून पाहता ही एक साधी घरगुती रीत दिसते. परंतु रोज एकच ग्रंथ वाचीत राहिल्याने माणसाच्या जीवनात नेमका काय फरक पडतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर इतिहासात शोधावयाचे, तर पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके बोलके उदाहरण आपल्या प्रांतात दुसरे सापडणे कठीण.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. गोव्यातील नवख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काही तरी वाचावयास हवे होते. त्यांच्यासाठी फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. भाविक ते देवळात बसून ऐकत. पण ते काव्य होते, मूळ शास्त्र नव्हे, आणि बहुतेकांच्या वाट्याला त्याचे श्रवणच येई. मूळ शास्त्राचे गद्य भाषांतर मराठीत छापून निघण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली संपूर्ण नवा करार मराठीत छापला. तेव्हापासून श्रोत्याचा वाचक होऊ लागला. हा बदल वरवर लहान दिसला, तरी त्याचे परिणाम फार दूरवर पोचले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, म्हणून उडुपीच्या पंडितसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी शास्त्रांतलीच वचने काढून आपली बाजू सिद्ध केली. शास्त्र स्वतः तपासले तर रूढीला उत्तर देता येते, हा धडा त्या घरात असा जन्माआधीच गिरविला गेला होता. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचीत हिंडले. देवळात बसून संस्कृत पोथी मोठ्याने वाचावी, लोकांनी फुले वाहावीत, दक्षिणा ठेवावी. ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना अर्थ कळे. पण अर्थ सांगण्याची अपेक्षाही नसे, कारण श्रवणानेच पुण्य लागते अशी श्रद्धा होती. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या मुलीने पाठ आणि अर्थ यांमधले अंतर असे अगदी जवळून पाहिले.

१८७८ साली रमाबाई आणि त्यांचे बंधू कलकत्त्यास पोचले. तेथे ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिले. आता गंमत पाहा. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीला ते पुस्तक वाचवेना. त्यातील भाषा आणि विचार त्यांच्या ओळखीच्या संस्कृत वाङ्मयाशी जुळेनात, आणि वाचण्यात वेळ फुकट जातो असे त्यांना वाटले. तरी ते पुस्तक त्यांनी टाकून मात्र दिले नाही. पुढे विवाहानंतर सिल्चर येथे घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगालीतील लूकाचे शुभवर्तमान सापडले, आणि ते त्यांनी आवडीने वाचले. देवभाषेत जे परके राहिले, ते बोलभाषेत मनाला भिडले. ही गोष्ट त्या पुढे विसरल्या नाहीत.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्मांतराने प्रश्न मिटले नाहीत, उलट तेथून खरा अभ्यास सुरू झाला. त्यांना दीक्षेसाठी तयार करणाऱ्या जोगिणींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला, आणि तो आज छापलेला उपलब्ध आहे. बिशप किंवा धर्मगुरू सांगतील ते सर्व मान्य करावयास आपण बांधलेल्या नाही, इकडच्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर तसेच दुसरे जोखड आपण मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळविले. हे धैर्य आले कोठून? रोज शास्त्र उघडून स्वतः वाचण्याच्या सवयीतून आले, असे मला वाटते. ज्याने ग्रंथ केवळ ऐकला आहे, तो सांगणाऱ्याच्या आज्ञेत राहतो. ज्याने तो रोज वाचला आहे, त्याला सांगणाऱ्यालाही प्रश्न विचारता येतो.

मात्र या सवयीची दुसरी बाजूही आहे. जो ग्रंथ इतरांना तपासण्याचे साधन होतो, तोच वाचणाऱ्यालाही तपासतो. बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी रमाबाईंना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. ही कबुली त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात स्वतःच दिली आहे. वाचन एकदाच करून संपविले असते, तर हा शोध लागला नसता. नित्य अभ्यासाचे खरे मोल येथे दिसते. कालची समजूत आज पुरी पडत नाही, हे तो माणसाला रोज दाखवून देतो.

आणि या वाचनाचे पर्यवसान कृतीत झाले. १८८९ साली मुंबईस शारदासदन निघाले. १८९६ नंतरच्या दुष्काळांत केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार स्त्रिया व मुली आल्या. त्यांना अन्न, वस्त्र आणि हातांना उद्योग दिला, तसे अक्षरही दिले. पण त्यांनी वाचावे काय? प्रचलित मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर शब्द या बायकांना कळत नसत, आणि त्या शब्दांना जुन्या दर्शनांचे अर्थ चिकटलेले आहेत, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत भाषांतर करण्यास हात घातला. ते छापले केडगावच्याच छापखान्यात, तेथल्याच स्त्रियांनी. या कामात सुमारे १७ वर्षे गेली. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. काम पुरे होताहोताच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे देहावसान झाले. १९२४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हे भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. शब्दाला शब्द देण्याच्या आग्रहामुळे त्यातील मराठी जागोजाग अवघडली आहे, आणि मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात राहिले. तेव्हा वाङ्मयाच्या बाजारात या श्रमाचे मोल कमी भरले, असे कोणी म्हटल्यास ते मान्य करावे लागेल. परंतु रमाबाईंची दृष्टी बाजारावर नव्हती. दुष्काळातून वाचलेल्या एखाद्या मुलीने दिवसाच्या कामाआधी पुस्तक उघडावे, त्यातले वाक्य कोणा शास्त्र्याला किंवा पाद्र्याला न विचारता तिला कळावे, आणि त्या वाक्याने दिवसभर तिला जाब विचारावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या आईच्या हाती पोथी दिली म्हणून एके काळी पंडितसभा भरली होती. त्याच घरातील लेकीने शेकडो आयाबहिणींच्या हाती पोथी ठेवली, आणि ती त्यांच्याच हातांनी छापून घेतली.