जीप, खडक आणि संथ चाल

चंद्रपुराहून ताडोबाच्या अरण्याकडे जाणारा रस्ता दुर्गापूर व ऊर्जानगर यांच्या अंगानें पद्मापुराकडे वळतो व पुढें मोहर्लीस पोंचतो. ऊर्जानगर ही औष्णिक वीजकेंद्राची वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. एका बाजूस धुरांडीं, दुसऱ्या बाजूस कोळशाच्या खाणी आणि पलीकडे वाघाचें रान, असा हा विलक्षण शेजार आहे. मोहर्लीच्या दारापाशीं पहाटे उघड्या जिप्सी गाड्यांची रांग लागते. खडकावर चढण्यासाठीं मुद्दाम फेरफार केलेल्या ज्या गाड्यांचें तरुणांस आज वेड लागलें आहे, त्या आणि या जिप्सी एकाच कल्पनेच्या लेकी होत. त्या कल्पनेचा इतिहास पाहिला म्हणजे यंत्राचें सामर्थ्य वेगांत असतें, हा रूढ समज टिकत नाहीं.

इ. स. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या सैन्यास लहान, हलकें आणि चारही चाकांना इंजिनाचें बळ पोंचविणारें वाहन हवें होतें. १३५ कारखान्यांकडे विचारणा झाली. नमुना सादर करण्यास मुदत होती अवघी ४९ दिवसांची. ती पाळली पेन्सिल्व्हेनियांतील बँटम या लहानशा कारखान्यानें. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनियरानें आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर रोजीं गाडी सैन्याच्या हवालीं झाली. पुढें मोठालीं कामें मात्र विलीज व फोर्ड यांच्या पदरीं पडलीं, आणि युद्ध संपेपर्यंत अशा सहा लक्षांहून अधिक गाड्या तयार झाल्या. हीच जीप होय.

या जीपचें इंजिन ६० अश्वशक्तीचें होतें. आजच्या साध्या घरगुती मोटारीपुढेंही तें दुबळें ठरेल. मग ती दगडधोंड्यांच्या चढावर कशी चढे? घाट बांधणारे वाट नागमोडी काढतात, तेव्हां अंतर वाढतें, पण बैलाच्या खांद्यावरचा भार हलका होतो. गिअरच्या पेटींतील दंतचक्रांचें गणितही तेंच आहे. युद्धकालीन जीपमध्यें सर्वांत खालच्या गिअरवर इंजिनाचे सुमारें २५ फेरे होत, तेव्हां चाकाचा एक फेरा पुरा होई. १९४५ सालीं शेतकऱ्यांसाठीं सीजे-२ए ही मुलकी जीप निघाली. तिला नांगर ओढावयाचा होता, म्हणून हें प्रमाण सुमारें ३६ पर्यंत नेण्यांत आलें. गाडीचा वेग घटला आणि ओढ वाढली. हा फेरफार केला होता शेतासाठीं, परंतु पुढें तो खडकालाच अधिक मानवला.

हिंदुस्थानांत जीपचें घर झालें मुंबई. के. सी. महिंद्रा हे युद्धकाळांत अमेरिकेंतील सरकारी पुरवठा-मंडळाचे प्रमुख होते. २ ऑक्टोबर १९४५ रोजीं महिंद्रा बंधु व गुलाम मोहंमद यांची ‘महिंद्रा आणि मोहंमद’ ही पोलादाच्या व्यापाराची पेढी निघाली, आणि १९४७ सालीं तिनें मुंबईंत विलीज जीपच्या जोडणीस हात घातला. फाळणीनंतर गुलाम मोहंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले व १९४८ सालीं पेढी ‘महिंद्रा आणि महिंद्रा’ झाली. पुढें जीप सरकारी कचेऱ्यांच्या, पोलिस ठाण्यांच्या व वनखात्याच्या दारांत इतकी रुळली कीं, खेड्यांतून कोणतीही उघडी मोटार दिसली कीं लोक तिला ‘जीप’च म्हणूं लागले.

खडकावर गाडी चढविणें हा स्वतंत्र छंद मात्र अमेरिकेंत जन्मला. १९५३ सालच्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील जॉर्जटाऊन गांवचे कांहीं रहिवासी पन्नासांहून अधिक जीप घेऊन रुबिकॉन नांवाच्या जुन्या डोंगरवाटेनें टाहो सरोवराकडे निघाले. तेथें शर्यत नव्हती. एकानें खालीं उतरून हाताच्या खुणांनीं वाट दाखवावी आणि दुसऱ्यानें बोटाबोटानें चाक पुढें सरकवावें, अशी ती चाल. जो घाई करी त्याचा आंस मोडे. हा मेळा पुढें वार्षिक झाला, आणि त्याच वाटेचें नांव घेऊन २००३ सालीं जी जीप निघाली, तिच्या खालच्या गिअरांची पेटी वेग चौपट कमी करणारी होती. साठ वर्षांत इंजिनें कित्येक पटींनीं बलवान झालीं, तरी खडकाची मागणी बदलली नाहीं. त्याला संथ गाडीच हवी.

आतां फेरफारांचा विचार करूं. पहिला फेरफार उंचीचा. जुन्या जीपमध्यें व जिप्सीमध्यें पोलादी पाट्यांच्या कमानी आंसाच्या खालून बांधलेल्या असतात. गॅरेजांतील कारागीर त्या सोडवून आंसाच्या वर बसवितो. तेवढ्यानें गाडी चार-पांच इंच उंच होते आणि तिचें पोट दगडास घांसत नाहीं. परंतु गाडीचा गुरुत्वमध्यही तितकाच वर सरकतो, इंजिनापासून आंसाकडे जाणारा दांडा अधिक तिरपा होऊन त्याचे सांधे झिजतात, आणि जोर लावतांना पाटे पिळले जातात. उंची मिळते ती स्थैर्य खर्चून.

दुसरा फेरफार टायरांचा. २८ इंची टायर काढून ३३ इंची घातला, तर आंसाखालीं अडीच इंच जागा वाढते. पण मोठें चाक एका फेऱ्यांत अधिक अंतर तोडतें, म्हणून गिअरनें कमावलेली ओढ सुमारें १५ टक्क्यांनीं घटते. ती भरून काढण्यास आंसांतील दंतचक्रें बदलावीं लागतात. मोठें टायर घालून थांबणाऱ्याची गाडी दिसते रुबाबदार, पण चढते पूर्वीपेक्षां वाईट. उलट टायरांतील हवा निम्म्यानें कमी करणें या उपायास पैसाही लागत नाहीं. मऊ पडलेलें टायर दगडास पंजासारखें धरतें. परतीच्या डांबरी रस्त्यावर हवा पुन्हां भरण्याची आठवण मात्र हवी.

तिसरा फेरफार डोळ्यांस दिसत नाहीं, आणि तोच सर्वांत मोलाचा. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक फिरावें लागतें, म्हणून दोन चाकांच्या मध्यें डिफरन्शिअल नांवाची चक्रमाला बसविलेली असते. रस्त्यावर ती सोयीची, पण खडकावर एक चाक अधांतरी लोंबकळलें कीं सारी गति त्याच चाकाकडे वाहून जाते आणि जमिनीवरचें चाक स्तब्ध राहतें. यावर तोड म्हणजे कुलूप. डिफरन्शिअलला कुलूप लावलें कीं दोन्ही चाकें एकत्र फिरतात. २०२० सालीं आलेल्या नव्या थार गाडींत, जिची बांधणी नाशिकला होते, मागच्या आंसास असें कुलूप देण्याची सोय कारखान्यानेंच केली. जें पूर्वीं गॅरेजांत होई, तें आतां कारखान्यांतून तपासून येऊं लागलें. गोव्यांत २०१४ पासून भर पावसांत भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेनें या विद्येस हिंदुस्थानांत एक अधिकृत आखाडाही मिळवून दिला.

आखाड्याबाहेर मात्र कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमांत २००० सालीं दुरुस्ती झाली, आणि ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ स्पष्ट केला: नोंदणीपत्रकांतील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करतां येणार नाहीं. छंदिष्टांस हा निर्णय जाचक वाटला. परंतु चंद्रपुराहून मूलकडे जाणारा जंगलांतला रस्ता ज्यानें रात्रीं पाहिला आहे, त्यास त्यांतील शहाणपण उमगेल. डोळ्यांसमोर अकस्मात् चितळ उभें राहतें, चालक चाक एकदम वळवितो, आणि खडकावर तरलेली उंच गाडी सपाट रस्त्यावर कलंडते. आंत कुटुंबाचीं माणसें असतात.

पाण्यापुढेंही हें सामर्थ्य थिटें पडतें. गडचिरोलीच्या टोकास भामरागडापाशीं पामुलगौतम, पर्लकोटा व इंद्रावती या नद्या एकत्र येतात. कित्येक पावसाळ्यांत पर्लकोटेचा पूल बुडून तो मुलूख दिवसेंदिवस तुटलेला राहिला आहे. वाहत्या पाण्यांत दोन फुटांची खोलीही बहुतेक मोटारींस उचलूं शकते, आणि हवेनें भरलेलीं मोठीं टायरें तर तुंब्यांसारखीं तरंगून गाडीचा पाय आधींच सोडवितात. तेथें शहाणा चालक पूर ओसरण्याची वाट पाहतो.

जिप्सीचें मोल याच कसोटीवर जोखावें. ती १९८५ सालीं आली. वजन सुमारें एक टन, पहिलें इंजिन ९७० घनसेंटिमीटरचें, आणि मऊ छताची गाडी कारखानाच विकी. २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें, तरी अरण्यांत ती अजून आपला शब्द राखून आहे. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें व १९९५ सालीं ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. तेथें वाट सोडून गाडी रानांत घालण्यास मनाई आहे. जी गाडी नाला ओलांडूं शकते, दरड चढूं शकते, तिनें आंखलेल्या कच्च्या वाटेवरच राहावयाचें. गवतांत घरटीं असतात, ओल्या मातींत पडलेली चाकोरी पुढच्या पावसांत ओहोळ होते, आणि माणसाच्या गडबडीमुळेंही वाघीण पिलें घेऊन हलते.

म्हणून मोहर्लीच्या वाटेवरचा चालक माकडाची भयसूचक हांक कानीं पडतांच गाडी हळू करतो, वाटेच्या कडेस उभी करतो आणि इंजिन बंद करतो. चारही चाकांचें बळ त्याच्या हाताशीं असतें. समोर बांबूचें बेट, त्यामागें सुकलेला नाला, आणि नाल्यापलीकडे कांहीं तरी हालत असतें. तेथवर गाडी सहज जाईल. तो जात नाहीं.