लेकी, सुना आणि वार

गर्भारपणात किंवा बाळंतपणात येणाऱ्या झटक्यांना वैद्यकात ‘एक्लॅम्प्सिया’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, वीज चमकावी तसा एकाएकी लखलखाट. या नावात रोगापेक्षा तो पाहणाऱ्याचे दचकणेच जास्त आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या फ्रान्स्वा मोरिसो यांनी पहिलटकरणींना हे झटके अधिक येतात, असे लिहून ठेवले. १८४३ साली लंडनच्या गाइज रुग्णालयात जॉन लीव्हर यांना अशा स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन आढळले. रक्तदाब या कथेत फार उशिरा शिरतो, कारण दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे उपकरणच १८९६चे.

हा आजार घराण्यात उतरतो का, हा प्रश्न चिकाटीने धसास लावला तो लिऑन चेस्ली यांनी. ते डॉक्टर नव्हते, जीवरसायनशास्त्रज्ञ होते. न्यू जर्सीतल्या मार्गारेट हेग प्रसूतिगृहात १९३१ ते १९५१ या काळात झटक्यांतून वाचलेल्या २७० स्त्रियांचा माग त्यांनी १९७०च्या दशकापर्यंत ठेवला. एक सोडून सगळ्या सापडल्या! मग त्यांच्या बहिणी, लेकी, नाती यांच्या बाळंतपणांच्या नोंदी मिळवल्या आणि तुलनेसाठी सुनाही घेतल्या. लेकींपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला पहिल्या खेपेस रक्तदाब वाढून हाच त्रास सुरू झाला होता; सुनांत हे प्रमाण दहांत एकीपेक्षाही कमी.

सुनेची ही फूटपट्टी मला फार आवडते, पण ती किंचित वाकडी आहे. सुनेच्या पोटातले मूल सासूचेच नातवंड. आजाराचे मूळ वारेत, आणि वार वाढते ती गर्भाबरोबर. तिच्यात बापाचाही वाटा असतो. १९९८ साली नॉर्वेतल्या जन्मनोंदींतून दिसले की, ज्या पुरुषाच्या एका जोडीदारणीला हा त्रास झाला, त्याच्यापासून गरोदर राहिलेल्या दुसरीलाही तो होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या अभ्यासात, अशा गर्भारपणातून जन्मलेल्या मुलग्यांच्या बायकांनाही धोका अधिक आढळला. म्हणजे सासूच्या बाळंतपणाची चौकशीही करायला हवी.

ती करायची कुठे? मी पाहिलेल्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलगे पिढ्यान्‌पिढ्या सलग सापडतात. लेकी मात्र सासरच्या आडनावाशी येऊन थांबतात. पहिली बायको गेली, दुसरी केली, एवढेच कळते. कशाने गेली, हे लिहिलेले नसते. घरात विचारावे तर ‘बाळंतपणात गेली’ किंवा ‘बाळंतवात झाला’. त्या दोन शब्दांत रक्तस्राव, ताप, झटके सगळेच मावते. ज्यांचा रक्तदाब कधी मोजलाच गेला नाही, त्यांच्याबद्दल ‘घरात कुणाला बीपी होते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा ‘शेवटच्या महिन्यांत तोंड सुजले होते का, डोळ्यांपुढे अंधारी येत होती का, झटके आले होते का?’ असे विचारले, तर म्हाताऱ्या बायकांना पुष्कळ आठवते.

या आठवणीला आता वेळेची मर्यादा आहे. धोका असलेल्या गर्भिणीला डॉक्टर अॅस्पिरिनची लहान मात्रा देतात, आणि ती विसाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी लागते. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते ती सातव्या महिन्यात. आई तिला स्वतःच्या बाळंतपणाची हकीकत सांगते, तीही बहुधा तेव्हाच.