धोंडू : एका नावाची कुळकथा



वसंत व्याख्यानमालेत थोर पुरुषांची चरित्रे ऐकण्याचा प्रघात आहे. आज आम्ही पुरुषाचे नव्हे, तर एका नावाचे चरित्र सांगणार आहोत. ते नाव म्हणजे धोंडू. नाव उच्चारताच सभेत थोडे हसू पिकले, ते आम्ही ऐकले. त्या हसण्याविषयीही पुढे बोलावयाचे आहे.

आम्ही पंडित नव्हे. आमचे शालेय शिक्षण अर्ध्यावर राहिले आणि जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा उठल्यावर, कंदिलाऐवजी विजेचा दिवा होता एवढ्याच सुखात झाले. परंतु नावांशी आमचा संबंध रोजचा आहे. सभासदाची पावती फाडावयाची तर त्याचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे लिहावी लागतात. आम्ही या कामाला लागलो तेव्हा पहिल्या रकान्यात एखादा म्हातारा धोंडू सापडे, दुसऱ्या रकान्यात मात्र धोंडू पुष्कळ असत. आता पहिल्या रकान्यात तो दिसत नाही, आणि दुसऱ्यातूनही उठत चालला आहे. आपल्याकडे बापाचे नाव मुलाच्या नावामागे लागते, म्हणून नावाला दोन मरणे असतात. प्रथम ते पाळण्यातून जाते, आणि एक पिढी उलटल्यावर दाखल्यातून जाते. धोंडू आज दुसऱ्या मरणाच्या दारात उभा आहे. तो का जन्मला, का गेला, आणि गेल्याचे दुःख मानावे की समाधान, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम अर्थ पाहू. धोंडा म्हणजे दगड, हे लांजेकरांना सांगावयास नको. पावसात बांध घालताना ज्याचे हात धोंड्यांनी सोलले नाहीत असा माणूस आपल्या तालुक्यात विरळा. पायावर धोंडा पाडून घेणे, गळ्यात धोंडा बांधणे, या बोलण्यात धोंडा म्हणजे जड आणि नकोशी वस्तू. पण त्याच धोंड्याला शेंदूर लागला की त्याच्यापुढे नारळ फुटतो. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला पुरणाचे धोंडे वाढतो. घाटावर पाऊस लांबला म्हणजे गावोगाव धोंडी काढतात. एकच शब्द, पण तो टाकाऊही आहे आणि पूज्यही आहे.

काही सुशिक्षित मंडळी या नावाची वेगळी उपपत्ती देतात. काशीच्या गणपतीला ढुंढिराज म्हणतात, त्याचाच धोंडो झाला असे त्यांचे म्हणणे. आम्हांस ते पटत नाही. ढुंढिराज हे नाव महाराष्ट्रात स्वतंत्रपणे नांदलेले आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद. त्या नावाचा धोंडू करण्याचे कोणाला कारण पडले नाही. शिवाय धोंडूचे सोबती कोण, ते पाहा : दगडू, केरू, कचरू, उकिर्डा, भिकू. हे सगळे एका आळीचे रहिवासी आहेत. दगड, केर, कचरा, उकिरडा आणि भीक. नाव कोणत्या पंक्तीला बसते, यावरून त्याचे कूळ ओळखावे.

मग आईबापांनी पोटच्या पोराला दगड का म्हणावे? उत्तर एकच : मुले जगत नव्हती. ज्या घरात दोन-तीन पाळणे रिकामे झाले, तेथे पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम वाईट ठेवीत. सुंदर नाव ठेवले तर दृष्ट लागेल, यमाच्या नजरेत भरेल. दगडाला कोण नेणार? काही घरांत मूल केरात ठेवीत आणि उचलून घेत, काही ठिकाणी दुसऱ्याला देऊन पुन्हा विकत घेत. मुलाचे नाक टोचून तो मुलगी आहे असे भासवीत, त्यातून नथू हे नाव आले. मृत्यूला फसविण्याचे गरिबाजवळ दुसरे साधन नव्हते. औषध परवडत नव्हते, नाव फुकट होते.

ही रीत आपल्यापुरती नाही. गुजरातेत कचराभाई आहेत, बंगालात तीन कवड्यांना विकलेला तो तिनकौडी आहे, चीनमध्ये मुलाला कुत्र्याने टाकलेले उष्टे अशा अर्थाचे लाडनाव देत. १९०८ साली अठराव्या वर्षी हसत फासावर गेलेले खुदिराम बोस आपणांस ठाऊक आहेत. त्यांच्या आधीचे दोन भाऊ गेले होते, म्हणून थोरल्या बहिणीने मूठ-मूठ कण्या देऊन त्यांना आईकडून विकत घेतले, असे सांगतात. कण्यांना बंगालीत खुद म्हणतात, त्यावरून खुदिराम. मृत्यूपासून लपविण्यासाठी ज्याचे नाव ठेवले, तो मृत्यूला स्वतः सामोरा गेला.

आपल्या इतिहासात धोंडू थोडे नाहीत. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर इंग्रजांना रानोमाळ पळविणारा धोंडजी वाघ १८०० साली लढता लढता पडला. त्याचा पाठलाग करणारा सेनापती पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८५७ साली कानपुरास उठलेल्या नानासाहेब पेशव्यांचा उल्लेख इंग्रजांनी आपल्या कागदांत धोंडोपंत असाच केला आहे. त्याच संग्रामात लढलेली झाशीची राणी ज्या नेवाळकरांची सून, त्यांचे मूळ गाव आपल्याच तालुक्यातील कोट. आणि आपल्या जिल्ह्याचे सर्वांत मोठे धोंडो म्हणजे धोंडो केशव कर्वे. खेड तालुक्यातील शेरवली येथे १८५८ साली जन्मले, मुरुडास वाढले. परीक्षेसाठी डोंगर तुडवीत पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठविले गेले. त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले; १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते गेले तेव्हा त्यांचे वय एकशे चार होते. दगडाचे नाव इतके कोणाला लाभले नसेल.

येथे आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाच्या नजरेस एक गोष्ट येते. धोंडा एकच, पण शेपूट निराळे. पेशव्यांच्या घरी तो धोंडोपंत, भटजींच्या घरी धोंडो, पाटलाच्या घरी धोंडिबा, कुळवाड्याच्या घरी धोंडू, आणि गड्याला हाक मारताना धोंड्या. माणसाची पायरी नावाच्या शेवटच्या अक्षरात कळे. परंतु ते नाव ठेवताना आईच्या पोटात जो गोळा उठे, त्याला जात नव्हती. देवी आणि पटकी माजघर आणि झोपडी असा भेद करीत नसत.

आता हसण्याविषयी. आमच्या वडिलांचे नाव धोंडू. तरुणपणी एका कचेरीत नोकरीसाठी गेलो असता साहेबाने आमचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले आणि शेजारच्याकडे पाहून तो हसला. नोकरी मिळाली नाही; त्याचे दुःख नव्हते. पण त्या दिवसापासून आम्ही बापाच्या नावाऐवजी नुसते 'डी.' लिहू लागलो. दहा-बारा वर्षे लिहीत होतो. वडिलांनी ते पाहिले असणारच. बोलले मात्र कधी नाहीत.

पुढे वडील वारले तेव्हा आत्येने हकीकत सांगितली. आजीची पहिली तीन मुले गेली होती, दोन देवीने आणि एक तापाने. चौथा झाला तेव्हा बारशाला पाळणा सजविला नाही. सुईणीने मूल सुपात घालून दारातल्या धोंड्यावर ठेवले, आणि आजीने तिला पसाभर नाचणी देऊन ते परत घेतले. जन्मभर आजीने त्यांना चारचौघांत लाडाने हाक मारली नाही. कोणी ऐकेल अशी तिला धास्ती होती. ज्या नावाची आम्ही लाज धरली, ते नाव म्हणजे आजीने मुलाभोवती घातलेले कुंपण होते. कुंपणापलीकडे तीन मुले पुरलेली होती.

हे नाव का गेले, ते आता सांगणे सोपे आहे. देवीची लस हिंदुस्थानात पहिल्याने मुंबईस १८०२ साली एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली. ती गावोगाव पोहोचून देशातील देवीचा अखेरचा रोगी दिसण्यास १९७५ साल उजाडले. गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून मुंबईच्या कौन्सिलात विधेयक आले तेव्हा १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली, १९२९ साली कायदा झाला, आणि १९६१ साली तसा कायदा सबंध देशासाठी झाला. धोंडो कर्व्यांचेच चिरंजीव रघुनाथ धोंडो यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढून आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवून लोकांच्या शिव्या खाल्ल्या; मुले थोडी असावीत, हे ते सांगत होते. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १२९ मुले वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. मूल जगेल असा भरवसा आईला आला, आणि तिने मुलाला मनासारखे नाव ठेवले. नव्या नावांची हौस आणि जुन्या नावांची लाज हीही कारणे आहेतच. पण ती नंतरची.

म्हणून आमचे मत असे की धोंडू गेला याचे दुःख करू नये. आम्हीही आमच्या मुलाचे नाव धोंडू ठेवले नाही. मात्र लढाई संपली असेही कोणी समजू नये. सोळा म्हणजे शून्य नव्हे. आणि बाळंतपणाचा कायदा रोजंदारीच्या बाईपर्यंत पोहोचविण्याचे काम अजून शिल्लक आहे. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. मुलगा राहावा म्हणून त्याला धोंडू म्हटले, तर मुलगी पुन्हा होऊ नये म्हणून तिला नकुशी म्हटले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेंहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलावी लागली. धोंडू नावात भीती होती, पण माया होती. नकुशीत तीही नव्हती.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी ज्यांच्या बापाचे वा आजाचे नाव धोंडू, दगडू, केरू असेल, त्यांनी ते पुढच्या अर्जात पूर्ण लिहावे. कोणी हसला तर त्याला अर्थ सांगावा. वडिलांच्या पश्चात आम्ही तसे करू लागलो. त्यांच्या हयातीत करावयास हवे होते.