दह्याचं पुन्हा दूध

दह्याचं पुन्हा दूध होत नाही, हे आपण रोज बघतो. शरीरातल्या पेशींबद्दलही शास्त्रज्ञ असंच मानत: कातडीची पेशी कायम कातडीचीच.

१९६२ मध्ये इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी बेडकाच्या अंड्याचं केंद्रक, म्हणजे पेशीचा कारभार बघणारा गाभा, निकामी केलं. तिथे बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घातलं. काही अंड्यांतून पोहणारी पिल्लं निघाली! म्हणजे आतड्याच्या पेशीतही अख्खा जीव घडवायची माहिती शाबूत होती. याच गर्डनना शाळेत मास्तरांनी शेरा दिला होता, की शास्त्रज्ञ व्हायचा विचार हास्यास्पद आहे.

२००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकं, म्हणजे पेशीतल्या सूचना, निवडल्या. एकेक वगळत गेले, शेवटी ४ पुरल्या. उंदराच्या कातडीच्या पेशी मूळ अवस्थेत परतल्या. पुढच्या वर्षी माणसाच्याही. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चं नोबेल मिळालं.

२०१४ मध्ये डॉ. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्ध जपानी बाईच्या कातडीपासून डोळ्याच्या पडद्याचा थर बनवून बसवला. वर्षभरात नजर घसरली नाही, पण सुधारलीही नाही.

बेडकापासून उंदरापर्यंत यायला ४४ वर्षं लागली. असे बहुतेक उपचार अजून चाचणीतच आहेत. म्हणून कुणी ‘पेशींचं इंजेक्शन, हमखास गुण’ म्हणालं, तर गटातून कर्ज उचलण्याआधी विचारा: चाचणी कुठे झाली? किती जणांवर? कागद दाखवा.