प्रकल्पगट : कडवंचीच्या पाणलोटाचा दाखला

ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीपुरती वेगवेगळ्या कौशल्यांची माणसे एकत्र येतात, तेव्हा प्रकल्पगट तयार होतो. तो चांगला व्हावा म्हणून कार्यालये बहुतेक वेळा निवडीवर भर देतात : हुशार माणसे घ्या, बाकीचे आपोआप जमेल. जालना जिल्ह्यातील कडवंचीचा अनुभव याला दुजोरा देत नाही. मोठा पैसा आणि मोठे काम हाती येण्याआधी छोटे, खरे काम सोबत केल्याने गट घडतो, असे तिथे दिसते. कडवंचीत 1996 च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून काम सुरू झाले. नाबार्ड, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र चालवणारे मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि गावकरी असे तीन पक्ष त्यात होते. मंडळाकडून विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन होते. या कार्यक्रमाची रीतच अशी होती, की गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, ग्रामसभेतून पाणलोट समिती नेमायची, मग लहानशा क्षेत्रावर बांधबंदिस्ती आणि समतल चर करून पाहायचे. पूर्ण क्षेत्राची मंजुरी त्यानंतर. आखणीही कागदावर उरकायची नाही. तंत्रज्ञ आणि शेतकरी कुटुंब शेतात उभे राहून कुठे काय करायचे ते ठरवत. कुरबुरी या टप्प्यातच बाहेर येतात, आणि तेव्हा त्या स्वस्तात मिटतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये मांडलेला क्रमही याच्याशी जुळतो : गट आधी जमतो, मग भांडतो, मग नियम ठरवतो आणि त्यानंतर कामाला लागतो. (त्यांनी तपासलेल्या अभ्यासांत मानसोपचारासाठी जमवलेल्या गटांचाच भरणा मोठा होता, ही गोष्ट प्रशिक्षणवर्गांत सहसा कुणी सांगत नाही.) भांडणाचा टप्पा टाळता येत नसेल, तर तो कुठे येऊ द्यायचा एवढेच आयोजकाच्या हाती राहते.

कडवंचीचा धडा कार्यालयांना लावण्यावर पहिला आक्षेप असा, की गाव म्हणजे कार्यालय नव्हे. गावकऱ्याला राजीनामा देता येत नाही. हे खरे आहे, पण त्यामुळे गावातले काम सोपे होत नाही. भावकीची जुनी भांडणे आणि बांधाचे वाद घेऊनच माणसे समितीत बसतात, आणि साहेबाचा हुकूम तिथे चालत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : कडवंचीचे यश बोराडे यांच्यासारख्या माणसाचे, पद्धतीचे नव्हे. नेतृत्वाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. तरी श्रमदानाची अट आणि ग्रामसभेने नेमलेली समिती हे कार्यक्रमाचे नियम होते, ते एका व्यक्तीच्या वजनावर अवलंबून नव्हते. 2012 च्या दुष्काळात जिल्हा टँकरवर असताना कडवंचीच्या द्राक्षबागा तग धरून होत्या, आणि तोवर प्रकल्पाची मुदत संपून बरीच वर्षे झाली होती.

तिसरी हरकत मात्र मान्य करावी लागते. पाणलोटातून आलेल्या सुबत्तेमागोमाग शेततळी वाढली, आणि भूजल उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यांत साठवण्यावर राज्यभर टीका होते. चर आणि बांध पूर्ण करण्यासाठी बांधलेल्या गटाकडून उपशाची शिस्तही आपोआप येईल, असे धरून चालणे चूक आहे. पाणी अडवताना सगळ्यांचा फायदा एका दिशेने असतो. वाटून घेताना तो एकमेकांच्या आड येतो. त्या कामासाठी गट नव्याने, पुन्हा लहान क्षेत्रापासूनच उभारावा लागतो.