‘माझी मैना’ कोणाची?

अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड बहुतेकांना विरहगीत म्हणून ठाऊक आहे. बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबईस आलेला गडी तिच्या आठवणीने व्याकूळ होतो, इथवर ते खरेही आहे. वाटेगावहून येऊन गिरणीत राबलेल्या अण्णाभाऊंना ही ताटातूट कोणी शिकवावी लागली नव्हती.

परंतु ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली आहे. उत्तरार्धात मैनेच्या जागी खंडित महाराष्ट्र येतो आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे उच्चारली जातात. गिरणगावातील श्रोत्याला सीमाप्रश्न नकाशावर दाखवण्याची गरजच उरली नाही. माझ्या मते हीच तिची खरी ताकद.

१ मे १९६० रोजी मुंबईसह राज्य मिळाले. ही चार नावे बाहेरच राहिली. बेळगाव, कारवार १९५६ सालीच म्हैसूर राज्यात गेले होते, डांग आणि उंबरगाव आता गुजरातेत गेले. आम्हां बोरीवलीकरांना बेळगाव दूर, पण उंबरगाव आमच्याच पश्चिम रेल्वेवर, बोर्डी रोडनंतरचे स्थानक. तोवर ते ठाणे जिल्ह्यात होते!

येत्या १ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, ही छक्कड कानी पडली तर गायक उंबरगावापर्यंत पोहोचतो का, तेवढे ऐका.